गावच्या जुन्या साप्ताहिकातल्या औषधांच्या जाहिराती: कोणाच्या आणि कोणासाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नेब्रास्कातल्या ज्या छोट्या गावात तुम्ही राहता, तिथे १८८६ च्या सुमाराला निघणाऱ्या साप्ताहिकाचे अंक तुम्ही चाळताय, कारण गावच्या वाचनालयासाठी एक पुस्तिका करायची आहे. चार पानांच्या अंकात औषधांच्या जाहिरातींनी नुसता उच्छाद मांडलाय: मूत्रपिंड, यकृत, रक्तशुद्धी, बायकांचा अशक्तपणा, मुलांचा खोकला. गावच्या दुकानदारांच्या आणि 'गाय सापडली', 'घर विकणे आहे' अशा छोट्या जाहिराती कुठेतरी कोपऱ्यात. गाव एवढं आजारी होतं का, संपादक औषधवाल्यांच्या खिशात होता का, आणि यातून गावाबद्दल नेमकं काय लिहिता येईल, असं तुम्ही विचारलंय.

मी अमेरिकेतल्या एका राज्य ग्रंथालयात बरीच वर्षं जुन्या वृत्तपत्रांच्या मायक्रोफिल्मवर काम केलं. असे प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी आधी एक उलटा प्रश्न विचारायचे: तुम्ही वाचताय ते पान त्या गावात छापलेलं आहे का? बहुतेकांना हा प्रश्नच विचित्र वाटतो. गावचं साप्ताहिक, वर गावाचं नाव, संपादक गावचा, मग पान दुसरीकडे कसं छापलं जाईल? पण तुमच्या काळातल्या हजारो अमेरिकन साप्ताहिकांचा अर्धा भाग खरोखरच दुसऱ्या शहरात छापून यायचा, आणि औषधांचा उच्छाद मुख्यतः त्याच अर्ध्या भागात असायचा.

गोष्ट सुरू होते १८६१ मध्ये, विस्कॉन्सिनमधल्या बाराबू नावाच्या लहान गावी. यादवी युद्ध पेटलं आणि 'बाराबू रिपब्लिक'चे संपादक ॲन्सेल नॅश केलॉग यांच्या छापखान्यातला माणूस सैन्यात गेला. एकट्याने चार पानांचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवणं शक्य नव्हतं. केलॉगनी मॅडिसनच्या 'विस्कॉन्सिन स्टेट जर्नल'कडून युद्धाच्या बातम्या छापलेले कागद मागवले आणि आपल्या अंकात घातले. लवकरच त्याची पुढची पायरी आली: एका बाजूने छापलेला, दुसऱ्या बाजूने कोरा असा मोठा कागद. कोऱ्या बाजूवर गावच्या बातम्या छापायच्या, घडी घालायची, अंक तयार. मिलवॉकीच्या अँड्र्यू एकेन्स यांना त्यात आणखी पुढचं दिसलं. छापील बाजूवर जाहिराती घातल्या तर त्यांचा पैसा छापणाऱ्याला मिळेल आणि तो संपादकाला कागद जवळजवळ कोऱ्या कागदाच्या भावात देऊ शकेल. १८६५ मध्ये केलॉगनी शिकागोत याच धंद्याची कंपनी काढली आणि मग हा प्रकार प्रेअरीभर पसरला.

संपादकाच्या जागी बसून हिशोब करा. हाताने चालवायचा एक दाबयंत्र-छापखाना, हाताखाली एखादं शिकाऊ पोर, पानाला सात-आठ स्तंभ, आणि एकेक खिळा बोटांनी उचलून ओळीत लावायचा. वर्गणी वर्षाला दीड-दोन डॉलर, तीही कित्येकदा सरपणाच्या किंवा मक्याच्या रूपात यायची. अशा वेळी अर्धा अंक तयार मिळतोय, त्यात क्रमशः कादंबरी आहे, शेतीचे सल्ले आहेत, वॉशिंग्टनच्या बातम्या आहेत, विनोद आहेत. बदल्यात त्याच बाजूवर दोन-तीन स्तंभ औषधवाल्यांचे. कोण नाही म्हणेल? त्या जाहिराती निवडणं किंवा नाकारणं संपादकाच्या हातात फारसं नव्हतंच. तो पूर्ण छापील कागद घेत होता, जाहिरातींसकट.

आता तुमच्या अंकात हे कसं ओळखायचं ते सांगते. चार पानांचा अंक म्हणजे एकच मोठा कागद, मधोमध दुमडलेला. त्याच्या एका बाजूला पान १ आणि ४ येतात, दुसऱ्या बाजूला २ आणि ३. त्यामुळे बाहेरून आलेला मजकूर एक तर पहिल्या आणि चौथ्या पानावर सापडेल, नाही तर दुसऱ्या आणि तिसऱ्या. दोन्ही बाजू शेजारी ठेवा. खिळ्यांचं वळण वेगळं दिसेल, शाईचा दाटपणा वेगळा, कधी कधी स्तंभांची रुंदीसुद्धा. एका बाजूवर तुमच्या गावच्या माणसाचं एकही नाव नसेल. मग जाहिरातींच्या शेवटच्या स्तंभाच्या अगदी तळाशी बघा. तिथे बारीक अक्षरांत ए. एन. के. किंवा डब्ल्यू. एन. यू. अशी आद्याक्षरं आणि पुढे एक आकडा असतो. पहिली खूण केलॉगच्या कंपनीची, दुसरी त्याच धंद्यातल्या वेस्टर्न न्यूजपेपर युनियनची. बरेचदा शेजारी एक विनंतीही असते, की जाहिरातदारांना लिहिताना 'तुमची जाहिरात या पत्रात पाहिली' असं कळवावं. 'या पत्रात', पत्राचं नाव न घेता; कारण तीच ओळ त्याच आठवड्यात शंभर गावांत जाणार असते. खात्री हवी असेल तर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'क्रॉनिकलिंग अमेरिका' संग्रहात शेजारच्या काउंटीच्या साप्ताहिकाचा त्याच आठवड्याचा अंक उघडा. तीच कादंबरी, तोच विनोद, तीच यकृताची गोळी.

हे सगळ्या पत्रांना लागू पडत नाही. काही संपादक हट्टाने चारही पानं स्वतः छापायचे आणि ते मथळ्याखाली अभिमानाने लिहायचे. मोठ्या काउंटी-गावात दोन पत्रं असतील तर एक स्वतःचं छापणारं आणि दुसरं तयार कागद घेणारं असंही दिसतं. शिवाय मजकूर आधीच ओतलेल्या धातूच्या तयार पट्ट्या मिळायला लागल्यावर संपादक हवा तेवढाच बाहेरचा मजकूर स्वतःच्या पानात बसवू शकत होता, त्यामुळे पानाच्या हिशोबाने केलेली विभागणी फसू शकते. म्हणून आधी तुमच्याच पत्राचा वर्षभराचा क्रम बघा, एका अंकावरून ठरवू नका.

समजा ती बाजू बाहेरची निघाली. मग 'गाव एवढं आजारी होतं का' याचं उत्तर त्या बाजूवरून मिळणार नाही. आजार होते, यात शंका नाही. नदीकाठच्या वस्त्यांत हिवताप होता, क्षय होता, उन्हाळ्यात लहान मुलं जुलाबाने जायची. त्यातून डॉक्टर दहा-पंधरा मैलांवर, आणि तो आला तरी पाऱ्याचं जालीम रेचक देऊन माणसाला आणखी अशक्त करील ही भीती लोकांना होती. स्वतःच्या घरात बाटली ठेवायची इच्छा त्यातून येते. पण जाहिरातींची संख्या आजाराने ठरत नव्हती, ती नफ्याने ठरत होती. इंग्लंडमधलं एक उदाहरण देते, कारण तिथला आकडा पक्का आहे. बीचमच्या गोळ्यांच्या डबीत ५६ गोळ्या असत, किंमत एक शिलिंग दीड पेनी, आणि जाहिरातीत लिहिलेलं असे की डबीचं मोल एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग आहे. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये पृथक्करण करून छापलं: आत कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण, आणि ५६ गोळ्यांच्या मालाचा खर्च सुमारे अर्धा फार्दिंग. एका शिलिंगच्या बारा पेनी आणि एका पेनीचे चार फार्दिंग होतात. म्हणजे किंमत आणि माल यांच्यात जवळजवळ शंभरपटीचं अंतर. या अंतरातून जाहिरातींचा पैसा निघायचा. कापडाच्या किंवा नांगराच्या धंद्यात एवढं अंतर कुठून आणणार? म्हणून पानावर नांगर कमी आणि गोळ्या जास्त.

कृती गुप्त ठेवणं हाही त्याच हिशोबाचा भाग. या औषधांना 'पेटंट औषधं' म्हणायची पद्धत असली तरी पेटंट सहसा कोणी घेत नसे, कारण त्यासाठी कृती उघड करावी लागते. नोंदणी व्हायची ती नावाची आणि चिन्हाची. म्हणून जाहिरातीचा सगळा जोर बाटलीतल्या द्रवावर नसून नावावर आणि चेहऱ्यावर असतो.

चेहऱ्यावरून लिडिया पिंकहॅम आल्याच. मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावच्या या बाईंनी १८७५ पासून आपला काढा विकायला काढला आणि १८७९ पासून त्यांचं चित्र जाहिरातीत झळकायला लागलं. तुमच्या अंकात त्या असतीलच: करड्या केसांची, गळ्याशी पांढरी झालर असलेली, आजीसारखी प्रौढ बाई. जाहिरात सांगायची की बायकांनी आपली दुखणी पुरुष डॉक्टरला सांगण्यापेक्षा मिसेस पिंकहॅमना पत्रं लिहावीत. त्या १८८३ मध्ये वारल्या, पण पत्रांचं आमंत्रण चालूच राहिलं, उत्तरंही जात राहिली. म्हणजे १८८६ मध्ये तुमच्या गावच्या एखाद्या बाईने लिहिलं असेल तर उत्तर कचेरीतल्या कारकुनांनी दिलं. १९०५ मध्ये 'लेडीज होम जर्नल'ने त्यांच्या कबरीच्या दगडाचा फोटोच छापला तेव्हा बऱ्याच जणींना धक्का बसला. छोट्या छापखान्यांत बाईचं चित्र म्हणून हा एकच ठोकळा असायचा, त्यामुळे कोणत्याही नामवंत बाईची बातमी आली की संपादक पिंकहॅमबाईंचंच चित्र लावून मोकळा व्हायचा, अशी एक गोष्ट सांगतात. जुने छापखाने पाहिलेल्या कोणालाही ती पटेल.

बाटल्यांत काय होतं हेही तुम्हाला हवं असेल. पत्रकार सॅम्युअल हॉपकिन्स ॲडम्स यांनी १९०५ मध्ये 'कॉलियर्स' साप्ताहिकात या धंद्यावर लेखमाला लिहिली. तिथले दारूचे आकडे असे आहेत: पेरुना नावाच्या औषधात सुमारे २८ टक्के, हॉस्टेटरच्या बिटर्समध्ये, म्हणजे कडू औषधी अर्कात, सुमारे ४४ टक्के. पिंकहॅमबाईंचा काढाही वीस टक्क्यांच्या आसपासचा. मुलांना झोपवायच्या सरबतात मॉर्फिन असायचं. पण इथे तुमच्या राज्याचं थोडं वेगळं आहे, म्हणून घाईने निष्कर्ष काढू नका. शेजारच्या कॅन्ससमध्ये १८८१ पासून दारूबंदी होती, तिथे बिटर्सच्या बाटलीचा खप वाढण्याचं कारण स्पष्ट आहे. नेब्रास्कात बंदी १९१७ मध्ये आली, १८८६ मध्ये गुत्ता परवाना घेऊन उघड चालायचा. तरीही गुत्त्यात पाऊल न टाकणारी सालस बाई औषध म्हणून रात्री दोन चमचे घेऊ शकत होती, हे दोन्ही राज्यांत खरं.

इथवरचं थोडक्यात: आधी पान कुठे छापलं ते ठरवा. बाहेरच्या बाजूवरच्या जाहिराती अमेरिकाभरच्या धंद्याबद्दल सांगतात, तुमच्या गावाबद्दल नाही. आता गावात छापलेल्या बाजूवर या, कारण तिथेही औषधं भेटतील आणि ती जास्त बोलकी आहेत.

गावच्या बाजूवरची औषधाची जाहिरात दोन वाटांनी यायची. एक, न्यूयॉर्क-शिकागोच्या जाहिरात एजंटांमार्फत. या एजंटांत जॉर्ज रॉवेल हे मोठं प्रस्थ. १८६५ मध्ये बॉस्टनला धंदा सुरू करून त्यांनी न्यू इंग्लंडच्या शंभर पत्रांत महिनाभर एक इंच जागा शंभर डॉलरला विकायला काढली होती. १८६९ मध्ये देशातल्या सगळ्या पत्रांची त्यांच्या खपासह यादी छापली, कारण प्रत्येक संपादक आपला खप फुगवून सांगायचा. पुढे या रॉवेलनी स्वतःच रिपन्स नावाच्या गोळ्या बाजारात आणल्या! जागा विकणाऱ्याला कळलं होतं की खरा पैसा कशात आहे. हे एजंट भाव पाडून घ्यायचे आणि कधी रोख पैशाऐवजी खिळे, शाई किंवा चक्क औषधाच्या बाटल्या द्यायचे. बाटल्या मग संपादक गावात विकायचा.

दुसरी वाट गावच्या औषधवाल्याची. बाहेरच्या कंपनीच्या जाहिरातीच्या तळाशी एक ओळ वेगळ्या खिळ्यांत जुळवलेली दिसेल: अमुक अमुक यांच्या दुकानी मिळेल. ही ओळ तुमच्यासाठी सोन्याची आहे. वरचा मजकूर लॉवेलहून किंवा बफेलोहून तयार ठोकळ्यात आला, पण ही ओळ तुमच्या गावात हाताने जुळवली गेली. त्या दुकानदाराचं नाव कोणत्या अंकापासून येतं, केव्हा बदलतं, त्याच औषधाची दुसऱ्या दुकानाकडे बदली केव्हा होते, हे लिहून काढा. दुकानं उघडली-मिटली, भागीदार वेगळे झाले, हे त्यातून महिन्याच्या नेमकेपणाने मिळतं. गावच्या इतिहासात असे तपशील दुसरीकडे कुठे सहज सापडत नाहीत.

मराठी वाचक म्हणून तुम्हाला इथे एक फरक जाणवला असेल. त्याच काळातल्या मराठी पत्रांत औषधाची जाहिरात मुंबईहून किंवा पनवेलहून थेट वाचकाशी बोलते: किंमत इतकी, टपाल हशील निराळे, मागणी आल्यास व्ही. पी.ने पाठवू. अमेरिकन जाहिरात मात्र गावच्या दुकानाकडे बोट दाखवते. याचं कारण टपालखातं. हिंदुस्थानात व्ही. पी.ची सोय १८७७ मध्ये सुरू झाली आणि १८८० पासून मनीऑर्डरही टपालखात्याकडे आली. त्यामुळे सातारा-अकोल्याच्या वाचकाला मधला दुकानदार लागत नव्हता, पैसे पोस्टमनच्या हातात द्यायचे आणि पुडकं घ्यायचं. अमेरिकेत मोठी पार्सलं खाजगी एक्स्प्रेस कंपन्या न्यायच्या. सरकारी पार्सल टपाल सुरू झालं ते थेट १ जानेवारी १९१३ ला. म्हणून तिथे दुकानदार टाळता येत नव्हता. पुस्तिकेत हे घालायची गरज नाही, पण औषधवाल्याची ओळ एवढी महत्त्वाची का, ते यातून कळेल. आणि औषधाच्या पैशावर पत्र चालायची गोष्ट आपल्याकडेही घडली आहे: १८९३ मध्ये मुंबईत अमृतांजन काढणारे काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी १९०८ मध्ये मुंबईतच 'आंध्र पत्रिका' हे तेलुगू साप्ताहिक सुरू केलं. इथे बामवाला संपादकाच्या खिशात शिरला नाही, तो स्वतःच संपादक झाला.

आता संपादक विकला गेला होता का, याकडे. १८८६ पुरतं बोलायचं तर मी 'मिंधा होता' इतकंच म्हणेन. खरी गोम बातम्यांच्या स्तंभात आहे. गावच्या बारीकसारीक बातम्यांत, म्हणजे कोणाकडे पाहुणे आले, कोणी नवं कोठार बांधलं, यांच्या ओळीत एखादी बातमी येते. सुरुवात अगदी घरगुती: अमक्या काउंटीतला एक शेतकरी वर्षभर कमरेच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला होता, डॉक्टरांनी हात टेकले, नातेवाइक जमले. तुम्ही उत्सुकतेने वाचत जाता आणि शेवटच्या दोन ओळींत बाटलीचं नाव येतं. ही पैसे देऊन छापलेली जाहिरात, बातमीच्याच खिळ्यांत जुळवलेली, वर कुठेही 'जाहिरात' असं लिहिलेलं नाही. अशा बातम्या पेरण्यात रॉचेस्टरचे एच. एच. वॉर्नर पटाईत होते. आधी ते लोखंडी तिजोऱ्या विकायचे, १८७९ मध्ये मूत्रपिंडाच्या औषधाकडे वळले आणि बाटलीवर खूण ठेवली तिजोरीचीच. (याच पैशातून त्यांनी रॉचेस्टरला वेधशाळा बांधून दिली आणि नवा धूमकेतू शोधणाऱ्याला २०० डॉलरचं बक्षीस ठेवलं. टेनेसीतल्या एडवर्ड बर्नार्ड या तरुणाने ती बक्षिसं जिंकून आपलं घर बांधलं. मूत्रपिंडाच्या काढ्यावर धूमकेतू सापडावेत, हे त्या काळाला शोभून दिसतं.) पैसे घेऊन छापलेला मजकूर 'जाहिरात' म्हणून दाखवायलाच हवा, नाहीतर टपालाची सवलत मिळणार नाही, असा कायदा १९१२ मध्ये आला. त्याआधीच्या अंकात गावच्या बातम्यांतली प्रत्येक आजारपणाची कहाणी शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय गावाची म्हणून घेऊ नका.

नंतरच्या काळात बंधन आणखी आवळलं. औषध कंपन्यांच्या संघटनेचे पुढारी, टोलेडोचे फ्रँक चेनी, यांनी करारात एक कलम घातलं: राज्यात आमच्या मालाविरुद्ध कायदा झाला तर हा जाहिरातीचा करार रद्द. कलम लाल शाईत छापलेलं असायचं. अर्थ साधा होता. विधिमंडळात असं विधेयक आलं की राज्यातले सगळे संपादक आपसूक त्याच्या विरोधात, निदान गप्प. 'कॉलियर्स'ने १९०५ मध्ये हे चव्हाट्यावर आणलं आणि ३० जून १९०६ ला अन्न व औषध कायदा झाला. त्या कायद्याने बाटलीवर दारू, अफू, कोकेन वगैरेंचं प्रमाण लिहायला लावलं, वर्तमानपत्रातली जाहिरात मात्र तशीच मोकळी सोडली. तुमच्याकडे १९०७ नंतरचे अंक असतील तर बाटल्यांवरचे दावे नरमलेले आणि जाहिरातींतले तेवढेच जोरदार दिसतील.

रोग बरा झाल्याची पत्रं खरी का, असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. काही खरी, काही पैसे किंवा फुकट बाटल्या देऊन मिळवलेली, काहींचे लेखक पत्र छापून येईपर्यंत त्याच रोगाने गेलेले. ॲडम्सना अशी माणसं सापडली होती. तुमच्याच गावच्या कोणाचं पत्र असेल तर तपासायची सोय आहे. नेब्रास्कात १८८५ मध्ये खास जनगणना झाली होती, तिथे नाव शोधा. माणूस खरा होता की नाही एवढं तरी कळेल. बरा झाला की नाही ते स्मशानभूमीच्या नोंदीत बघावं लागेल.

आता छोट्या जाहिरातींकडे, ज्यांना तुम्ही एका वाक्यात उरकलंत. मला विचाराल तर पुस्तिका त्यांच्यावरच उभी राहील. त्या काळी गावच्या साप्ताहिकात 'वर्गीकृत' असा वेगळा विभाग सहसा नसे. या ओळी बातम्यांच्या मध्येच पेरलेल्या असत आणि त्यांचा भाव ओळीवर ठरे. पण यांतला प्रत्येक शब्द गावच्या माणसाने पैसे मोजून, किंवा कायद्याने भाग पाडलं म्हणून छापलेला आहे.

सर्वांत श्रीमंत प्रकार म्हणजे जमिनीच्या अंतिम पुराव्याची नोटीस. १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली फुकट जमीन घेतलेल्या माणसाला पाच वर्षांनी आपण तिथे राहिलो, शेती केली हे सिद्ध करावं लागे, आणि १८७९ पासून त्याआधी जमिनीच्या सर्वांत जवळच्या वर्तमानपत्रात नोटीस देणं बंधनकारक झालं. नोटीस लांबून नीरस दिसते. वर जमीन कचेरीचं नाव आणि तारीख, मग दावेदाराचं नाव, मग सरकारी मोजणीच्या चौकोनांचे, म्हणजे विभाग, टाउनशिप आणि रेंज यांचे आकडे, म्हणजे नकाशावर बोट ठेवता येईल अशी नेमकी जागा. आणि शेवटी चार साक्षीदारांची नावं, जे सांगणार की हा खरंच इथे राहिला. साक्षीदार अर्थातच शेजारी. अशा वर्षभराच्या नोटिसा घेऊन नकाशावर मांडल्यात तर १८८६ मध्ये कोणाच्या शेजारी कोण राहत होतं आणि कोण कोणासाठी शब्द द्यायला तयार होतं, ते उभं राहतं. स्वीडिश नावाचे साक्षीदार स्वीडिश दावेदारालाच मिळतात का, हेही बघण्यासारखं आहे. या नोटिसांचा दर ठरलेला आणि पैसा खात्रीचा, त्यामुळे सरहद्दीवरची कित्येक पत्रं यांच्याच जोरावर निघाली आणि दावे संपताच बंद पडली. संपादकाला पोसणारे दोन हात होते, एक औषधवाल्याचा आणि दुसरा जमीन कचेरीचा.

भटक्या गुरांच्या नोटिसा हसण्यावारी नेऊ नका. दुसऱ्याचं जनावर आपल्या कुंपणात आलं तर ते जाहीर करणं कायद्याने आवश्यक होतं, म्हणून रंग, वय, डाग, कानाची खूण सगळं लिहिलेलं असतं. कुंपणं कुठे आली होती आणि मोकळी चराई कुठे उरली होती, ते यांवरून दिसतं. शेरीफच्या लिलावाच्या नोटिसा कर्ज कोणाचं बुडालं ते सांगतात. पहिल्या पानाच्या डाव्या स्तंभात वकील, डॉक्टर आणि दंतवैद्यांची व्यवसायाची कार्डं असतात. ती वर्षानुवर्षं न बदलता छापली जात, म्हणून माणूस गाव सोडून गेल्यावरही त्याचं नाव काही काळ तिथेच राहतं, हे ध्यानात ठेवा. आणि मग नवऱ्याची नोटीस असते: माझी बायको घर सोडून गेली आहे, तिने केलेल्या कर्जाला मी जबाबदार नाही. हा कायदेशीर साचा होता, बायकोची बाजू त्यात नसते. क्वचित पुढच्या अंकात बायकोने पैसे भरून उत्तर छापलेलं सापडतं. ते शोधायला दोन अंक पुढे जा.

जाहिरातीच्या शेवटी ३४-टीएफ किंवा ३४-६डब्ल्यू अशी खूण दिसली तर ती छापखान्याची आहे. पहिला आकडा सहसा ज्या अंकात ती पहिल्यांदा आली त्याचा. टीएफ म्हणजे थांबवा असं सांगेपर्यंत चालू ठेवायची, ६डब्ल्यू म्हणजे सहा आठवडे. १८८६ च्या अंकात दिसलेली घर विकण्याची जाहिरात कदाचित १८८४ मध्ये दिलेली असेल आणि घर कधीच विकलं गेलं असेल. जाहिरातीची तारीख म्हणून अंकाची तारीख लिहू नका, ही खूण वाचून पहिली तारीख शोधा.

पुस्तिकेसाठी माझा सल्ला असा. औषधांवर एकच पान द्या आणि त्यावर एकच जाहिरात, जिच्या तळाशी गावच्या दुकानदाराची ओळ आहे अशी. पिंकहॅमबाई मिळाल्या तर उत्तम, चेहरा लोक ओळखतील. शेजारी त्याच अंकातली अंतिम पुराव्याची एक नोटीस छापा, तिच्यातल्या चारही साक्षीदारांच्या जमिनी दाखवणाऱ्या छोट्या नकाशासह. बाकीची जागा छोट्या जाहिरातींना. आणि परवानगीची काळजी करू नका: १८८६ मध्ये अमेरिकेत छापलेल्या मजकुरावर आता कोणाचाही हक्क नाही. चित्राखाली पत्राचं नाव, अंकाची तारीख आणि पान क्रमांक तेवढा द्या, म्हणजे पुढच्या माणसाला ती बाजू कुठली होती ते लगेच तपासता येईल.